छकुलीच्या डोक्याचं पॅकिंग

"बाबा, माझी टीममध्ये निवड झाली!" असं ओरडत छकुली घरात शिरली, तेव्हा मी चहा गाळत होतो. मी म्हटलं, "अरे वा, शाब्बास! कसली टीम?" माझ्या डोळ्यांपुढे बुद्धिबळ होतं, वक्तृत्व होतं, अगदी झालंच तर टेबलटेनिस.

"रग्बी."

अर्धा चहा कपात गेला, अर्धा ओट्यावर. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो, कारण तोवर मलाही ठाऊक नव्हतं. रग्बीत एक अंड्याच्या आकाराचा चेंडू असतो. तो एकीनं छातीशी कवटाळून पळायचं आणि बाकीच्यांनी तिला धरून जमिनीवर आडवं करायचं. आमच्या लहानपणी असं कोणी केलं की पालकांना शाळेत बोलावत. आता त्याचं प्रमाणपत्र देतात.

माझा स्वभाव काळजीखोर आहे, असं आमची ही म्हणते. ते खोटं आहे. माझा धंदा काळजीखोर आहे. काचेच्या आणि चिनीमातीच्या भांड्यांच्या कारखान्यात मी पॅकिंग विभाग सांभाळतो. फुटणारी वस्तू न फुटता पोचवणं, एवढंच मी आयुष्यभर केलंय. आमच्याकडे कुठलंही नवं खोकं बाहेर पडण्याआधी आम्ही ते मुद्दाम पाडून बघतो. आधी तळावर, मग कडेवर, मग कोपऱ्यावर. कोपरा टिकला तरच माझी सही. त्यामुळे झालंय असं, की लोक पाळण्यातलं बाळ बघून "किती गोड!" म्हणतात आणि मी पाळण्याचे कोपरे बघतो.

छकुलीचं नाव पडलं तेव्हा ती बुटाच्या खोक्यात मावेल एवढी होती. आता ती सोळा वर्षांची आहे आणि मी बसलेलो असताना सोफा सरकवून खाली झाडून घेते. टीममधल्या मुली तिला 'बुलडोझर' म्हणत. म्हणत, असं मी लिहिलं, कारण पुढे माझ्यामुळे त्यात बदल झाला.

झालं काय, की मी सहज म्हणून सराव बघायला गेलो. मैदानाच्या कडेला उभा होतो. छकुली चेंडू घेऊन पळाली, समोरून तिच्याच मापाची एक मुलगी आली, आणि ट्रकमधून पोतं पडावं तसा धप्प आवाज झाला. माणसाच्या तोंडून अशा वेळी देवाचं नाव निघतं. माझ्या तोंडून तीस वर्षांची नोकरी निघाली. मी जिवाच्या आकांतानं ओरडलो, "ए, हळू! काच आहे! वरची बाजू वर ठेवा!"

मैदान थांबलं. चेंडूसुद्धा थांबल्यासारखा वाटला. छकुली उठली, गुडघे झटकले आणि माझ्याकडे असं बघितलं, की मी तिथल्या तिथे गवतात गाडला गेलो तर बरं, असं मला वाटलं. त्या दिवसापासून टीममध्ये तिचं नाव 'काच' पडलं. घरी येईपर्यंत ती माझ्याशी एक शब्द बोलली नाही. घरी आल्यावर बोलली, पण ते सांगण्यासारखं नाही.

मैदानावरून निघण्याआधी मी कोच मॅडमना गाठलं होतंच. बुटक्या, गळ्यात शिट्टी, आवाज असा की शिट्टीची गरज काय हे मला कळेना. मी विचारलं, "यांना हेल्मेट का नाही देत?"

"टणक हेल्मेट चालत नाही. दुसरीला लागेल. शिवाय हेल्मेट घातलं की पोरी डोकं पुढे करून घुसतात. मऊ टोपी घालता येते, पण ती कानाला आणि खरचटण्यापुरती. धक्का बसला की मेंदू आतल्या आत हलतो, त्याला टोपी काय करणार? डोकं बाजूला ठेवून कसं पाडायचं, कसं पडायचं, ते मी शिकवते. आणि लागलं तर लगेच सांगायचं, लगेच बाहेर यायचं. बरं झालं की परत. हाच खरा उपाय."

या सगळ्यातला एकच शब्द माझ्या कानात शिरला. टोपी.

आता आपल्याकडे, म्हणजे आमच्या इमारतीत, एखाद्याला काही हवंय हे कळलं की सल्ल्यांना तोटा नाही. वरच्या मजल्यावरचे काका, ज्यांना आम्ही 'अनुभवी' म्हणतो, ते जिन्यातच भेटले. "माझा अनुभव सांगतो. मी तीन वेळा डोक्यावर पडलोय. एकदा स्टुलावरून, एकदा सायकलवरून. काही होत नाही डोक्याला! एकदा स्टुलावरून पडलोय. हे तुम्हाला आधी सांगितलं का मी?" त्यांच्यात मला छकुलीचं म्हातारपण दिसायला लागलं आणि मी दोन-दोन पायऱ्या सोडत खाली आलो. औषधाच्या दुकानदारानं मला मानेचा पट्टा विकला. कशाला, हे त्यानंही सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. घाबरलेल्या माणसाला काही विकत घेतलं की जरा बरं वाटतं.

मऊ टोपी आणली. हाताला अगदीच फुसकी लागली. असल्या पॅकिंगमध्ये मी साधी बशीसुद्धा पाठवली नसती. मग कारखान्यातल्या फोमच्या पट्ट्या घेतल्या आणि समोरच्या शिवणकामवाल्या ताईंकडे गेलो. त्यांनी टोपी उलटसुलट करून बघितली. "थोडा कापूसही भरू का? गादी करते त्यातला उरलाय." मी म्हटलं, भरा. टोपी तयार झाली तेव्हा तिला टोपी म्हणायला जीभ वळेना. छकुलीनं ती घातली, आरशात बघितलं आणि म्हणाली, "बाबा, मला काही ऐकू येत नाहीये." मी म्हटलं, "हळूहळू सवय होईल." तिला तेही ऐकू आलं नाही.

पण कुठलीही टोपी घालायची तर रग्बी संघटनेच्या कार्यालयातून मंजुरीचा शिक्का लागतो. मी ऑफिसातून अर्धी रजा टाकून गेलो. खिडकीमागे एक गृहस्थ टाचण्या मोजल्यासारख्या वेगवेगळ्या करत बसले होते. मी टोपी आत सरकवली. त्यांनी ती बघितली, मागेपुढे बघितली, आणि विचारलं, "डोकं कुठंय?"

"डोकं शाळेत गेलंय."

"डोक्याशिवाय टोपी मंजूर होत नाही. बसते की नाही हे आम्ही बघणार कशावर?"

"अहो, पण माझी अर्धीच रजा आहे."

"मग डोक्याची रजा काढायची होती."

मी हात जोडले, मुलीचं आणि माझं डोकं एकाच मापाचं असल्याची शपथ घेतली. शेवटी ते म्हणाले, "बरं, घाला तुम्ही." मागे रांगेत उभ्या असलेल्या धिप्पाड खेळाडूंसमोर मी ती गादी डोक्यावर चढवली. त्यांनी अंगठ्यानं चारी बाजूंनी दाबून बघितलं, एकदा टपलीही मारली, आणि ठप्पकन शिक्का मारला. मी विजयी वीरासारखा घरी आलो. हिनं कागद वाचला. खेळाडू: पुरुष. वय: एकोणपन्नास. डोकं: ठीक. पुढच्याच आठवड्यात मला संघटनेचा फोन आला, की ज्येष्ठ गटाची निवड चाचणी आहे, पाण्याची बाटली आपापली आणावी. हिनं तो फोन घेतला होता. ती दोन दिवस कामं करता करता मध्येच हसत होती.

असो. शिक्का कसाही असो, माझी सही अजून व्हायची होती. पाडून बघितल्याशिवाय मी काहीच बाहेर सोडत नाही. डोक्याच्या मापाचं, डोक्यासारखं गोल, काय मिळेल? फ्रिज उघडला. स्टीलचा गोल डबा दिसला, जडही होता. टोपी त्याच्यावर घट्ट बसली, पट्टा आवळला, आणि मी गॅलरीत गेलो. खाली वॉचमननं स्कूटर बाजूला घेतल्या. अनुभवी काका, शिवणवाल्या ताई आणि ज्यांना दुसरं काही काम नव्हतं असे सगळे जमले. काकांनी सूत्रं हातात घेतली. "एक, दोन, साडेमाडे तीन!"

डबा तिरका, काठावर पडला. अगदी आम्ही कारखान्यात पाडतो तसा, वाईटात वाईट बाजूवर. मी धावत खाली गेलो, टोपी काढली. डब्याला पोचासुद्धा नाही! लोकांनी टाळ्या वाजवल्या. ताई म्हणाल्या, "कापूस माझा आहे हं." डबा हातात घेऊन मी जिना चढलो, मागे सगळी मंडळी.

दारात आमच्याकडेच राहणाऱ्या सासूबाई उभ्या होत्या. त्यांनी डबा घेतला, झाकण उघडलं आणि आत बघितलं. "जावईबापू, हे माझं दही होतं."

सुरी लावली तर वडी पडेल असं घट्ट दही लावतात त्या. आत आता पाण्यात गुठळ्या तरंगत होत्या. लोक पोट धरधरून हसले. मी हसलो नाही. माझ्या टेबलावर रोज ज्या तक्रारी येतात त्यातल्या निम्म्या एकाच प्रकारच्या असतात: खोकं जसंच्या तसं, आतला कप फुटलेला. कोच मॅडमनी मला हेच सांगितलं होतं आणि हे मला त्यांच्याआधी तीस वर्षांपासून ठाऊक होतं. तरी मी खोक्यालाच फोम लावत बसलो होतो. मला खरंच भीती वाटली. गंमत म्हणून सांगायची भीती नाही. रात्री जेवण उतरत नाही, ती.

टोपी कपाटावर गेली आणि मी फॅमिली डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी एक पत्रक दिलं, डोक्याला मार लागल्याची लक्षणं लिहिलेलं. चिडचिड. सारखी झोप. उजेड नको वाटणं. सांगितलेलं लक्षात न राहणं. हाक मारली तर उशिरा ओ देणं. मी घाबरून म्हटलं, "डॉक्टर, ही सगळीच्या सगळी आहेत हो तिला!"

"कधीपासून?"

मी आठवून बघितलं. "तेरावं लागलं तेव्हापासून."

डॉक्टर म्हणाले, "मग काळजी नको. तुमचं ब्लडप्रेशर बघूया."

पण काळजी नको म्हटल्यानं काळजी जात असती तर आणखी काय हवं होतं! मी दोन गोष्टी केल्या. एक, रोज संध्याकाळी सरावावरून आल्यावर छकुलीची दारातच परीक्षा घ्यायला लागलो. आज वार कोणता? शंभरातून सात गेले किती? काल रात्री भाजी कुठली होती? हे तीन प्रश्न, याच क्रमानं. आणि दुसरी गोष्ट म्हणजे मी जेवताना जाहीर केलं, "नीट ऐक. एकदा, फक्त एकदा जरी डोक्याला लागलंय असं मला कळलं, तर रग्बी बंद. त्या दिवसापुरती नाही. कायमची."

ही म्हणाली, "अहो, असं तोडून काय बोलता?" मी म्हटलं, "नियम म्हणजे नियम." फार बरं वाटलं. सही ठोकल्यासारखं.

सुरुवातीला छकुली प्रश्नांवर वैतागायची. "बाबा, प्लीज! शेजारी बघतायत." मग सामना दोन दिवसांवर आला तशी एकाएकी वैतागायची थांबली. मी तोंड उघडायच्या आत धडाधड उत्तरं देऊ लागली, अगदी शहाण्यासारखी. मी हिला म्हटलंसुद्धा, "बघ, लागलं की नाही वळण?"

पहिल्या मोठ्या सामन्याची सकाळ उजाडली. एरवी अशा दिवशी ती घर डोक्यावर घेते. त्या दिवशी खिडकीकडे पाठ करून टेबलाशी गप्प बसली होती. सामन्याआधी एकदा खात्री करावी म्हणून मी खुर्ची ओढली. तेवढ्यात गॅसवर दूध उतू गेलं, मी धावलो, परत आलो, आणि त्या गडबडीत शेवटचा प्रश्न आधी विचारला. "काल रात्री भाजी कुठली होती?"

"शनिवार," छकुली म्हणाली.

मी खो खो हसलो. "अगं, भाजी विचारतोय, भाजी!"

"त्र्याण्णव."

मला आणखी हसू आलं, पण ते अर्ध्यातच थांबलं, कारण ती हसत नव्हती. तिनं सासूबाईंकडे बघितलं आणि अगदी हळू विचारलं, "आजी, पुढचं काय होतं गं?"

मी सासूबाईंकडे वळलो.

सासूबाईंच्या हातातली वाटी खाली आली. "मीच पाठ करून घेतलं," त्या म्हणाल्या. "परवा सरावात एका मुलीचं कपाळ हिच्या कानशिलावर आपटलं. मला म्हणाली, आजी, बाबाचे प्रश्न जमत नाहीयेत, पाठ करून घे. मला वाटलं, दमली असेल पोर. एक दिवसात बरी होईल. माझी मेलीची अक्कल कुठे गेली होती कोण जाणे!" आणि त्या रडायलाच लागल्या.

"सातची वजाबाकी येतच नव्हती, बाबा," छकुली म्हणाली. "आकडे नुसते सरकत होते. खिडकीतून उजेड आला की डोकं ठणकतं."

"आणि तू आज खेळायला निघाली होतीस? मला का नाही सांगितलंस?"

मी ओरडलो असेन, कारण तिनं दोन्ही कानांवर हात ठेवले. मग म्हणाली, "कोच मॅडम म्हणतात, लागलं तर सांगा, बसवू, बरं झालं की परत घेऊ. तू म्हणालास, लागलं तर सांग, मग कधीच नाही. मग कोण सांगेल?"

हिनं गाडीची किल्ली माझ्या हातात ठेवली.

आम्ही तिला घेऊन डॉक्टरांकडे गेलो. या वेळी त्यांनी माझं ब्लडप्रेशर बघितलं नाही. छकुलीला बराच वेळ तपासलं. डोळे, तोल, मान, बोलणं. मग म्हणाले, "विश्रांती घेतली की बरी होईल. आधी घरात शांत, मग शाळा, मग चालणं, पळणं, आणि धक्काबुक्की सगळ्यात शेवटी, मी हो म्हटल्यावर. पण या अवस्थेत आज पुन्हा लागलं असतं तर..." एवढं बोलून ते हात धुवायला उठले. ते वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. मी आजतागायत ते मनातल्या मनात पुरं करत असतो.

तिथून मैदानावर जाऊन कोच मॅडमना सांगणं भाग होतं. टीम सगळी गोल करून उभी होती. छकुलीनं मान खाली घालून सगळं सांगितलं. मॅडम तिच्यावर रागावल्या नाहीत. एवढंच विचारलं, "लागलं तर कायमचं बंद, हा नियम कोणी काढला?"

मी हात वर केला. पन्नाशीच्या उंबरठ्यावरचा, विभागप्रमुख पदावरचा माणूस, पंधरा मुलींपुढे, शाळेत करतात तसा.

"पोरींना सांगायला शिकवताना माझे दोन हंगाम जातात," मॅडम म्हणाल्या. "तुम्ही ते एका जेवणात पुसलंत." त्या माझ्यापेक्षा हातभर बुटक्या, पण त्या क्षणी मी त्यांच्याकडे वर बघत होतो असं मला आठवतं.

सामना बघायला थांबू नका म्हणाल्या, आवाज आणि ऊन नको तिला. गाडीपाशी आलो तरी छकुली मागे वळून बघत होती. मी म्हटलं, "हे बघ, मी म्हणालो होतो ते बंदबिंद काही नाही. बरी झालीस की खेळ." हे वाक्य मी कसं उच्चारलं ते माझं मला माहीत. ती पुढचं दार उघडून माझ्या शेजारी बसली. नाहीतर ती नेहमी मागे बसते.

पुढचे आठवडे घरात पडदे ओढलेले. अनुभवी काका रोज दारातून विचारपूस करून जात आणि जिन्यातून परत येऊन तीच विचारपूस पुन्हा करत. मला त्यांचा आता राग येत नव्हता, काळजी वाटत होती. छकुली चिडली, कंटाळली, मग हळूहळू सातची वजाबाकी जमायला लागली, मग पळायला लागली. शेवटी डॉक्टर हो म्हणाले. मी त्यांना दोनदा विचारलं. तिसऱ्यांदा विचारणार होतो, पण हिनं चिमटा काढला.

परतीच्या पहिल्या सामन्याला मी मैदानाच्या कडेला बसलो. हिनं बजावून ठेवलं होतं, एक शब्द काढायचा नाही. मी पाण्याची बाटली दोन्ही हातांनी धरून बसलो होतो. छकुली छान खेळत होती, एकदा तर दोघींना ओढत घेऊन पळाली आणि मी चक्क टाळी वाजवली. मग शेवटी-शेवटी एका घोळक्यातून कोणाचं तरी कोपर आलं आणि तिच्या कपाळाला लागलं. फार जोरात नाही. ती पडलीसुद्धा नाही. चेंडू तिच्या पायाशी होता, टीमच्या मुली "उचल! पळ!" म्हणून ओरडत होत्या.

ती तिथेच थांबली आणि तिनं माझ्याकडे बघितलं.

बाटली माझ्या हातात पार चेपली होती. घशात सगळं आलं होतं: थांब, बाहेर ये, पुरे झालं, बंद. मी ते गिळलं आणि नुसती मान हलवली, कशासाठी ते मलाही सांगता येणार नाही. छकुलीनं हात वर केला आणि आपण होऊन मैदानाबाहेर आली. मॅडमनी तिला खाली बसवून तपासलं, पाठीवर थाप दिली आणि दुसऱ्या मुलीला आत पाठवलं.

मग ती येऊन माझ्या शेजारी बसली. "काही झालं नसेल, बाबा. क्षणभर गरगरल्यासारखं वाटलं. म्हणून सांगितलं."

"बरं केलंस," मी म्हटलं. इतकी वाईट बातमी ऐकून इतकं हलकं मला आजवर कधी वाटलं नव्हतं.

ती थोडं पाणी प्यायली आणि तिनं माझ्या खांद्यावर डोकं टेकलं. डोकं चांगलंच जड होतं. सामना संपेपर्यंत मी जागचा हललो नाही.